सोलापुरातील आयकर अधिकारी आणि करसल्लागार यांना खुले पत्र: ज्यांना कर लागत नाही, त्यांनाही नियम समजावून सांगा

प्रति,
आयकर विभागाचे सोलापुरातील सर्व अधिकारी,
तसेच शहर व जिल्ह्यातील सनदी लेखापाल आणि करसल्लागार

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेला, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा नागरिक आहे. शेजारपाजारचे लोक नोटिसा, बँकेची पत्रे, कापलेल्या कराचे कागद वाचून घेण्यासाठी माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याशी बोलताना जे दिसले ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. आयकराचे दर आमच्या लोकांना वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलवरून बऱ्यापैकी कळलेले असतात. कळलेले नसतात ते नियम, आणि त्यापायी सर्वाधिक नुकसान होते ते ज्यांना मुळात एक रुपयाही कर लागत नाही अशा माणसांचे. आपण मनावर घेतले तर यातले बरेचसे नुकसान टळू शकते, अशी माझी खात्री आहे.

सुरुवात अगदी प्राथमिक प्रश्नापासून करतो, कारण तोच मला सर्वांत जास्त विचारला जातो: सोलापूरला आयकर किती? शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेला आहे, त्यामुळे सोलापूर, पुणे आणि मुंबई येथील रहिवाशांना एकच दर लागतो. महानगरपालिका मालमत्ता कर घेते, उत्पन्नावर कर घेत नाही. गोंधळ होतो तो व्यवसाय करामुळे. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले गेलेले पाहून ‘माझा आयकर भरला जातोच, मग विवरणपत्र कशाला’ असे म्हणणारे कामगार मला भेटतात. हा कर राज्य सरकारचा आहे, अनुच्छेद २७६ नुसार तो वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि आयकराशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो एप्रिल २०२३ पासून लागतही नाही. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतील कितीतरी स्त्रियांना हे अजून कोणी सांगितलेले नाही.

आता दर. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के, असे दर आहेत. शिवाय येणाऱ्या करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर असतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रहिवासी व्यक्तीला ६०,००० रुपयांपर्यंत करसूट मिळून देय कर शून्य होतो. पगारदारांना आणि निवृत्तिवेतनधारकांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते. मर्यादा जराशी ओलांडली तरी घाबरण्याचे कारण नाही. १२ लाख १० हजारांवर टप्प्यांनुसार ६१,५०० रुपये कर येतो, पण सीमांत सवलतीमुळे तो १०,००० रुपयांवर थांबतो. जुनी प्रणालीही चालू आहे आणि गृहकर्जाचे व्याज, विमा, भविष्य निर्वाह निधी अशा मोठ्या वजावटी असणाऱ्यांनी दोन्हींचा हिशेब करून पाहावा. पगारदाराला ही निवड दरवर्षी करता येते. व्यवसाय करणाऱ्याने मात्र जपून ठरवावे, कारण जुन्या प्रणालीतून एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत त्याला पुन्हा जुनीकडे जाता येत नाही.

येथपर्यंतचे पुष्कळांना ऐकून तरी माहीत असते. यापुढचे माहीत नसते, आणि ते अधिकृत तोंडून ऐकू यायला हवे. १२ लाखांपर्यंत कर शून्य झाला म्हणून विवरणपत्र भरण्याची जबाबदारी संपत नाही. करसूट ही कराचा हिशेब मांडून झाल्यानंतर मिळते. विवरणपत्राची मर्यादा मात्र नव्या प्रणालीत ४ लाखांचीच आहे. ती ओलांडून विवरणपत्र वेळेत भरले नाही, तर एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० आणि त्याहून अधिक असल्यास ५,००० रुपये विलंब शुल्क पडते. ज्याचा कर शून्य आहे अशा माणसाने केवळ गैरसमजापोटी ५,००० रुपये भरावेत, हे मला फार लागते. मोबाईलवर शेअर खरेदी-विक्री करणाऱ्या तरुणांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, की नव्या प्रणालीतील ही करसूट शेअरच्या भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला लागू होत नाही.

यंत्रमागवाल्यांसाठी तर आणखी एक अट आहे. वर्षभरात विजेवर १ लाख रुपयांहून अधिक खर्च करणाऱ्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न ४ लाखांच्या आत असले तरी, विवरणपत्र भरणे २०१९ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. हा नियम करताना बहुधा वातानुकूलित बंगले डोळ्यांपुढे असावेत. तो येऊन पडला मात्र आमच्याकडच्या चार-सहा मागांच्या शेडवर, जिथे विजेचे बिल ही चैन नसून पोटापाण्याचा खर्च आहे. महिन्याला साडेआठ हजारांचे बिल आले की वर्षाला लाख ओलांडतो. अशोक चौकापासून अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीपर्यंत असे किती लहान कारखानदार असतील याचा अंदाज आपल्याला माझ्याहून चांगला असेल, आणि त्यांतल्या किती जणांना ही अट माहीत आहे हे आपण एकदा शेडमध्ये जाऊन विचारावे, अशी माझी विनंती आहे.

पण जी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत जास्त सलते ती मजुरीवर विणून देणाऱ्यांची. सूत व्यापाऱ्याचे, नक्षी व्यापाऱ्याने ठरवलेली, आणि चादर किंवा टॉवेल विणून द्यायचा मागवाल्याने, अशी ही रीत आहे. एका बिलाची रक्कम ३०,००० रुपयांहून किंवा वर्षाची एकूण मजुरी १ लाख रुपयांहून अधिक झाली की पैसे देणाऱ्या कंपनीने किंवा भागीदारी पेढीने, तसेच आदल्या वर्षी १ कोटीहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने, त्यातून १ टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. समजा, एखाद्याची वर्षाची मजुरी ९ लाख झाली. त्यातले ९,००० रुपये कापले गेले. वीज, कामगारांचा पगार, सुटे भाग, शेडचे भाडे जाऊन त्याच्या हाती ३ लाख उरले. ३ लाखांवर कर नाही, म्हणजे ते ९,००० रुपये पूर्णपणे त्याचे आहेत. ते परत मिळवण्याचा मार्ग एकच, विवरणपत्र भरणे. आणि नेमके तेच तो करत नाही, कारण ‘आपल्याला कर बसत नाही’ असे त्याला सर्वांनी सांगितलेले असते. टीडीएस कट झाला म्हणजे पैसे गेले, असे तो धरून चालतो. वर्षानुवर्षे अशी रक्कम सरकारकडे पडून राहते, आणि ती श्रीमंताची नसून रात्रपाळी करणाऱ्याची असते.

याच्या जोडीला पॅनचा प्रश्न आहे. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी जोडलेला नसल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर १ टक्क्याऐवजी २० टक्के कपात होते. वरच्याच उदाहरणात ती ९,००० वरून १ लाख ८० हजारांवर जाते, म्हणजे त्या माणसाच्या अर्ध्याहून अधिक कमाईवर. शिवाय पॅन निष्क्रिय असेपर्यंत परतावाही मिळत नाही. पूर्व भागात तेलुगू नावे आणि आडनावे एका कागदावर एका प्रकारे आणि दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेली असतात, त्यामुळे जोडणी अडून राहते आणि माणूस कंटाळून सोडून देतो. ज्यांचे परतावे मागच्या वर्षांत राहून गेले, त्यांच्यासाठी वाट पूर्ण बंद नाही: खरी अडचण दाखवून विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, आणि ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार तो संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. ही सोय वकिलांना आणि लेखापालांना ठाऊक आहे. ती मागावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत गेलेली नाही.

विडी कामगार स्त्रियांचेही असेच आहे. त्यांची मजुरी करमर्यादेच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे आयकर हा शब्द त्यांच्या घरात येतो तो एकदाच, भविष्य निर्वाह निधी काढताना. पाच वर्षांची सलग नोकरी पूर्ण होण्याआधी ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम काढली तर १० टक्के कर कापला जातो, आणि पॅन नसेल तर २० टक्के. कर लागत नसल्याचे स्वयंघोषणापत्र पॅनसह आधी दिले तर कपातच होत नाही. नोकरी सोडल्यावर निधीतून साठ हजार काढणाऱ्या बाईचे सहा किंवा बारा हजार रुपये अडकतात, ते केवळ एक कागद भरायचा राहिला म्हणून.

शेतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शहरातल्या असंख्य पगारदारांची गावाकडे शेती आहे. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, हे खरे आहे. पण शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर इतर उत्पन्नाचा दर ठरवण्यासाठी शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते. समजा, एखाद्या प्राध्यापकाचे प्रमाणित वजावटीनंतरचे उत्पन्न १५ लाख आहे. त्यावर उपकर सोडून १ लाख ५ हजार रुपये कर येतो. सांगोल्याकडे त्यांची डाळिंबाची बाग असून तिचे निव्वळ उत्पन्न ४ लाख असेल, तर आधी १९ लाखांवरचा कर काढायचा, तो १ लाख ८० हजार. त्यातून ४ लाखांची करमुक्त मर्यादा आणि ४ लाखांचे शेती उत्पन्न मिळून होणाऱ्या ८ लाखांवरचा कर, म्हणजे २०,००० रुपये, वजा करायचा. उरतात १ लाख ६० हजार. शेती ‘माफ’ असूनही ५५,००० रुपये वाढले, आणि ही रक्कम आधी भरली नसेल तर वर व्याज. दुसरीकडे, ज्याचे शेतीखेरीजचे उत्पन्न ६ लाखच आहे, त्याला शेतीचे ५ लाख आले तरी करसुटीमुळे काहीच भरावे लागत नाही. दूध आणि शेळीपालन यांचे उत्पन्न शेतीचे धरले जात नाही. रोपवाटिकेतील रोपांचे मात्र धरले जाते. ऊस विकला तर ते पैसे शेतीचे. त्याच उसाचा गूळ करून विकला तर उसाच्या किमतीपलीकडचा नफा व्यवसायाचा मानला जातो.

जमीन विकणाऱ्यांचा प्रश्न तर थेट सोलापूरच्या नकाशाशी बांधलेला आहे, आणि येथे स्थानिक माहितीची गरज सर्वांत जास्त आहे. महापालिका हद्दीतील शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. हद्दीबाहेर किती अंतरापर्यंत तो लागतो हे शहराच्या लोकसंख्येवर ठरते: १ लाखाहून अधिक आणि १० लाखांपर्यंत लोकसंख्या असेल तर ६ किलोमीटर, १० लाखांहून अधिक असेल तर ८ किलोमीटर, आणि हे अंतर रस्त्याने न मोजता हवाई, सरळ रेषेत मोजायचे. त्यापलीकडची ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणून आज आपल्याला ६ किलोमीटरचा नियम लागतो. नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होऊन त्यांत शहराने १० लाखांचा टप्पा ओलांडला, तर ही रेषा दोन किलोमीटर पुढे सरकेल आणि आज बाहेर असलेली कित्येक शेते आत येतील. कुंभारी, मुळेगाव, हिरज, होटगी अशा आसपासच्या गावांतील कोणता गट रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो, हे शेतकऱ्याला खरेदीखत होण्याआधी कळले पाहिजे. दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेल्या करपात्र जमिनीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे, आणि २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी रहिवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करण्याचाही पर्याय आहे. लाखोंच्या व्यवहारात हा फरक लहान नाही.

निवृत्त मंडळींबद्दल थोडक्यात. ज्येष्ठ नागरिकांच्या बँक ठेवींवरील व्याजातून आता वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत कर कापला जात नाही. त्याहून अधिक व्याज असून एकूण कर शून्य येत असेल, तर आजवर १५एच म्हणून ओळखले जाणारे घोषणापत्र एप्रिलमध्येच द्यावे. कुटुंब निवृत्तिवेतनावर नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांत जे कमी असेल तेवढी वजावट आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या विधवा पत्नींना ही वजावट माहीत नसल्याचे मी पुन्हा पुन्हा पाहतो.

हे सगळे समजावून सांगण्याची निकड आत्ताच का, तर १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आला आहे. कलमे ८१९ वरून ५३६ झाली, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘करवर्ष’ आले, ही सुधारणा चांगली आहे आणि तिचे मी स्वागत करतो. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्याच कायद्याने भरायचे आहे, आणि १ एप्रिलनंतरच्या उत्पन्नाला नवा कायदा लागतो. दोन कायदे एकाच वेळी हाताळावे लागणार आहेत. विमा, भविष्य निर्वाह निधी अशा वजावटींच्या कलमाचा ‘८०सी’ हा आकडा आमच्या लोकांना इतक्या वर्षांत जेमतेम पाठ झाला होता, तो आता १२३ झाला आहे. अशा संधिकाळात अफवा आणि अर्धवट संदेश फार वेगाने पसरतात.

करसल्लागार बंधुभगिनींनो, आपल्याशीही मोकळेपणाने बोलतो. आपल्यातील बहुतेक जण प्रामाणिकपणे, अनेकदा नाममात्र पैसे घेऊन काम करतात. परंतु परतावा वाढवून देण्याचे आमिष दाखवून न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले विम्याचे हप्ते विवरणपत्रात दाखवणारेही काही आहेत. उत्पन्नाची किंवा वजावटीची चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो दंड सल्लागाराला न होता सही करणाऱ्या कामगाराला होतो. अशांना आपल्या व्यवसायातूनच अटकाव झाला पाहिजे. ज्यांच्याकडून अशा नोंदी झाल्या आहेत, त्यांना अद्ययावत विवरणपत्र भरून, जादा कर देऊन, चूक दुरुस्त करण्यासाठी करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांची मुदत आहे, हेही आपण त्यांना सांगावे.

माझी मागणी मोठी नाही. विभागाने सोलापूरसाठी एक दोन पानी पत्रक काढावे, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत, आणि त्यात दर कमी व उदाहरणे जास्त असावीत: मजुरीवर विणणारा, विडी वळणारी, पगारदार शेतकरी, ठेवींवर जगणारे निवृत्त दांपत्य. महापालिका हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आत येणाऱ्या गावांची आणि गटांची यादी भूमी अभिलेख खात्याच्या मदतीने तयार करून तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालयांत लावावी. मजुरीतून कर कापणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने कापलेल्या कराचे प्रमाणपत्र मागवाल्याच्या हाती द्यावे, ते न मागताही, यासाठी विभागाने त्यांना पत्र पाठवावे. आणि विवरणपत्राची मुदत येण्यापूर्वी, मे-जूनमध्ये, आपण आणि सनदी लेखापालांनी मिळून अक्कलकोट रोड, चिंचोळी, विडी घरकुल आणि रे नगर येथे संध्याकाळी, पाळी सुटण्याच्या वेळेला, मदतकक्ष चालवावेत. सकाळी अकरा ते पाच या वेळेत मागवाला येऊ शकत नाही. आला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

या पत्रकाचा मराठी मसुदा तपासून देण्याची आणि मदतकक्षात बसून लोकांचे कागद लावून देण्याची माझी तयारी आहे. तेलुगू उत्तम बोलणारे आणि लिहिणारे आणखी काही निवृत्त बँक कर्मचारी माझ्या ओळखीचे आहेत. तेही विनामोबदला येतील. तारीख आणि जागा आपण कळवावी.

आपला विश्वासू,
पूर्व भागातील एक निवृत्त बँक कर्मचारी,
सोलापूर